एकाच झाकणाचे दोन लॅपटॉप

मला एका लॅपटॉपच्या कंपनीनं फसवलं. दादरच्या दुकानातला विक्रेता हा तिचा हात होता, आणि त्या दोघांना जी थोडी मदत लागली ती मी स्वतः केली. लॅपटॉप मुलीसाठी होता. तिचं एक अख्खं वर्ष त्यात गेलं. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण तिच्या वकिलांच्या केबिन माझ्या दुकानापेक्षा मोठ्या असणार. पण ज्यांचं हे काम आहे ते वाचतील तर स्वतःला ओळखतील.

मला फसवणं सोपं नाही, हे आधी सांगून ठेवते. ही बढाई नाही, माझा धंदाच तो आहे.

माझे वडील परळच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. विणून, धुऊन, रंगवून आलेलं कापड तिथे शेवटचं तपासलं जायचं, त्याची घडी व्हायची आणि काठावर शिक्का बसायचा. कुठे धागा तुटलेला, कुठे रंग उडालेला दिसला की शिक्का ‘सेकंड’चा. संप झाला तेव्हा मी सातवीत होते. दोन-तीन महिन्यांत मिटेल म्हणता म्हणता तो मिटलाच नाही. पुढे गिरणीचं दार उघडलं तेव्हा वडिलांना आत घेतलं नाही. आईनं एका व्यापाऱ्याकडून कटपीस आणले आणि दादरला फुटपाथवर चादर पसरली. शाळा सुटली की मी तिच्या शेजारी जाऊन बसायचे. घासाघीस मी तिथे शिकले, विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोन्ही.

आईचे नियम ठरलेले होते. पहिला भाव ऐकताना चेहरा हलू द्यायचा नाही. अर्ध्यावर मागायचं. नाही म्हणाला की उठून चालायला लागायचं. आणि विकणाऱ्यानं मागून हाक मारली, तर भाव गिऱ्हाइकाचा आणि माल तोच, जो त्याच्या हातात होता. हाक मारून बोलावलं आणि दुसराच तुकडा पुढे केला, असं कोणी केलं तर बाजूचे विक्रेतेच दुसऱ्या दिवशी त्याला बसू देत नसत. फुटपाथवर पावती नसते, त्यामुळे ही हाक म्हणजेच पावती होती.

अजून एक नियम होता आणि आई तो सगळ्यात वरचा मानायची. जिला वस्तू हवी आहे तिनं तोंड उघडायचं नाही. बायका मुलींना घेऊन यायच्या, एखादी मुलगी कापड उराशी धरून म्हणायची, “आई, हेच घे ना गं!” की माझी आई माझ्याकडे बघून हळूच डोळा मिचकावायची. भाव तिथेच थांबला.

या नियमांवर मी लालबागला माझं स्वतःचं दुकान उभं केलं. ब्लाउजपीस, अस्तर, साडीचे फॉल. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढं, पण माझ्या नावावर. मुलीचा बाप ती लहान असतानाच गेला. काळाचौकीच्या चाळीतल्या एका खोलीत मी, मुलगी आणि माझे म्हातारे वडील. सुरतेच्या व्यापाऱ्यांना मी फोनवर रडवलेलं आहे. एकजण मला म्हणाला होता, “बेन, आपसे बात करके घर जाके दवाई लेनी पडती है.” मी म्हटलं, “दवाई का भी डिस्काउंट करा दूँगी.”

मुलीला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला तेव्हा आमच्या अख्ख्या मजल्यावर ती पहिलीच होती. पहिली दोन वर्षं हातानं नकाशे काढण्यात गेली. तिसऱ्या वर्षी मोठं काम आलं. एखादी जुनी इमारत घ्यायची आणि ती नव्यानं उभी करून दाखवायची. तिनं आमचीच चाळ घेतली. गॅलरी ठेवायची, सामाईक नळाची जागा अंगण करायची, आणि प्रत्येक खोलीला स्वतःचं न्हाणीघर, असं काहीतरी तिच्या डोक्यात होतं. पण हे सगळं कॉम्प्युटरवर उभं करायचं होतं, उन्हं कुठून येतात, जिना कसा दिसतो, सगळं. त्यासाठी लॅपटॉप हवा होता, आणि तो कुठलाही चालणार नव्हता.

कंपनी ठरलेली होती. तिच्या वरच्या वर्गातल्या सगळ्यांकडे तीच. प्रश्न होता त्या कंपनीतला कुठला, याचा. मुलगी पत्रक घेऊन दुकानात आली. मी अस्तर कापायच्या टेबलावर ते पसरलं आणि बघतच राहिले. एका कंपनीचे एवढे लॅपटॉप! वरच्या रांगेत स्वस्तातले, पत्रं लिहा आणि सिनेमे बघा एवढ्यापुरते. खालच्या रांगेत पातळ, हलके, महाग, साहेबलोकांच्या बॅगेतले. मधल्या रांगेत आपल्यासारख्यांचे, आणि खरा गोंधळ तिथेच. एकाच नावाचे पाच-सहा, आणि प्रत्येकाच्या शेपटीला वेगवेगळे आकडे न् अक्षरं.

“हे दोन तर एकच आहेत,” मी म्हटलं.

“नाहीत. दिसतात फक्त.” तिनं पेन्सिलीनं एकाखाली दोन रेघा मारल्या. “ह्याच्यात चित्रांसाठी वेगळं कार्ड आहे. मेमरी दुप्पट आहे. ह्याच्यावर माझी चाळ उभी राहील. दुसऱ्यावर जिन्यापर्यंत पण जाणार नाही.”

“मग दोघांचं तोंड सारखं कशाला?”

“कंपनीला विचार.”

तेव्हा मी हसले होते. तिनं हव्या असलेल्या लॅपटॉपचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून माझ्या पर्समध्ये ठेवला. मी तिला बजावलं, “दुकानात तुला हा हवाय असं दिसता कामा नये. तू लांब उभी राहा. काही झालं तरी बोलायचं नाही. बोललीस तर भाव गेला.”

“आई, तिथे असं नसतं गं.”

“सगळीकडे असंच असतं.”

दादरचं दुकान मोठं होतं, एसी, काचेची दारं. मुलगी सांगितल्याप्रमाणे वॉशिंग मशीनपाशी जाऊन उभी राहिली आणि एकीचं झाकण उघडून आत बघायला लागली. मी लॅपटॉपच्या टेबलाशी गेले. टाय लावलेला तिशीचा विक्रेता आला. मी त्याला चिठ्ठी दाखवली. त्यानं मांडलेला एक लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. मी उचलून वजन पाहिलं, अंगठ्यानं झाकण चोळलं, कडेवरून बोट फिरवलं. सवयच ती. बोटांना काहीच कळलं नाही.

“बेस्ट चॉइस, ताई.”

“चॉइस माझी आहे, तुम्ही भाव बोला.”

त्यानं भाव सांगितला. मी चेहरा हलवला नाही. मी माझा सांगितला. त्याचा हलला.

“ताई, हा भाजीबाजार नाही. इथे एमआरपी असते.”

“एमआरपी म्हणजे त्याच्या वर जायचं नाही. खाली यायला कोणी धरलंय का तुम्हाला?”

“अहो, एवढं मार्जिनच नसतं कंपनीत.”

“मार्जिन नसतं तर एवढा एसी कोणाच्या जिवावर चालतो?”

असं बराच वेळ चाललं. तो थोडा खाली आला, आत जाऊन कोणाला तरी विचारून आला, अजून थोडा आला आणि अडला. मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली, लांबूनच मुलीला म्हटलं, “चल गं, समोरच्याकडे बघू,” आणि चालायला लागले. दाराला हात लावला आणि मागून हाक आली.

“ताई! अहो ताई, या. तुमचाच भाव. बसा. काय तुम्ही पण!”

ती हाक ऐकून मला काय वाटलं ते मी लपवणार नाही. मला आई आठवली. फुटपाथवरच्या चादरीवरून मी काचेच्या दारापर्यंत आले होते आणि नियम तोच चालत होता.

तो आतून सीलबंद खोकं घेऊन आला. “हीच सिरीज, ताई. ऑफर पीस आहे. सेम टू सेम.” ‘ऑफर पीस’ मी ऐकलं. पण मी तेव्हा जिंकले होते. हाक आली होती, माझ्या हिशेबानं माल तोच होता. मी बिलावर सही केली. मुलगी जवळ आली, खोक्याच्या कडेला छापलेलं वाचलं आणि एकदम वर बघितलं.

“आई...”

मी डोळे वटारले. तिनं तोंड मिटलं. मला वाटलं, पोरीला आनंद लपवता येत नाहीये.

पुढचे काही दिवस मी ती गोष्ट येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. दाराला हात कसा लावला, ते करूनही दाखवलं.

दिवाळीनंतर मुलगी दर रविवारी वडाळ्याला मैत्रिणीकडे जायला लागली. सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. लॅपटॉप घरीच ठेवून. मी टोमणे मारायचे, “तिकडे काय पेढे वाटतात?” ती म्हणायची, “ग्रुप वर्क आहे.” शेजारीण मला म्हणाली, “लक्ष ठेव गं बाय, ह्या वयातलं ग्रुप वर्क बरं नसतं.” मीही मेली तेच समजले. एकदा बॅगसुद्धा तपासली.

उन्हाळ्यात शेवटची तपासणी झाली. चार परीक्षकांसमोर भिंतीवर नकाशे लावायचे आणि चाळ कॉम्प्युटरवर फिरवून दाखवायची. त्या दुपारी ती गुंडाळलेले कागद घेऊन सरळ माझ्या दुकानात आली. समोर गिऱ्हाईक असताना गल्ल्यामागे येऊन खाली बसली. गिऱ्हाईक गेलं.

“डिझाइनला नापास,” ती म्हणाली. “वर्ष पुन्हा करायला लागेल.”

“केटी ना? पुढच्या वर्गात बसून पेपर परत द्यायचा?”

“डिझाइनला केटी नसते. वर्षच.”

“असं कसं? एवढा लॅपटॉप घेऊन दिला...”

“त्याच्यावर चाळ उभीच राहत नाही, आई. जिना टाकला की बंद पडतो. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर करत होते, पण तिचं पण काम होतं ना. तिसरा मजला राहिला. परीक्षक म्हणाले, अर्धी इमारत घेऊन आलीस.”

“मग बिघडलाय तो! आत्ता चल दादरला.”

“बिघडलेला नाही. तो दुसरा आहे. ज्याच्याखाली रेघा मारल्या होत्या तो नाहीच तो.”

“तुला कधी कळलं?”

“दुकानात. खोक्यावर नंबर होता.”

“मग बोलली का नाहीस?”

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितली असती तर बरं झालं असतं. “तूच म्हणालीस ना, काही झालं तरी बोलायचं नाही. नंतर तू सगळ्यांना एवढं सांगत होतीस... दाराला हात लावून दाखवत होतीस...”

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि लॅपटॉप घेऊन दादरला गेले.

तोच विक्रेता होता. मी लॅपटॉप टेबलावर आपटला नाही, ठेवला. त्यानं बिल बघितलं. “ताई, बिलावरचा नंबर आणि मशीनचा नंबर एकच आहे. प्रॉब्लेम काय?”

“चिठ्ठीवरचा नंबर वेगळा होता. मांडलेला वेगळा होता.”

“त्या भावात तो कसा मिळेल ताई? तुम्हालाच कळायला पाहिजे होतं. मी सिरीज म्हटलं होतं, सिरीज तीच आहे.”

“मला नाही ओळखता आला. तुला येतो?”

“माझं रोजचं काम आहे. डोळे मिटून सांगेन.”

“मीट.”

टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी मांडलेले होते, महागातला आणि त्याचं हे सोंग. मी समोरची भावाची कार्डं उचलली, दोन्ही झाकणं बंद केली, दोघांच्या जागा बदलल्या, परत बदलल्या. “डोळे उघड आता. सांग, कुठला कुठला.”

त्यानं याच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. हात एका लॅपटॉपखाली गेला.

“उलटा करायचा नाही! मला तू उलटा करून दाखवला होतास?”

मिक्सर घ्यायला आलेले एक आजोबा हसले. “अहो, ही तर रस्त्यावरची तीन पत्ती झाली, राणी कुठली ओळखा!” विक्रेत्याचे कान लाल झाले. रोज तेच विकणारा माणूस, त्याला सांगता आलं नाही. मॅनेजर आला. मॅडम, आवाज खाली. मॅडम, बिलावर तुमची सही आहे. मॅडम, आमच्या हातात काही नाही, कंपनीचंच असं असतं. शेवटचं वाक्य तो चुकून खरं बोलला.

मग कंपनीला फोन. एवढी बटणं दाबल्यावर एक मुलगी बोलायला आली, गोड आवाजाची. “मॅम, खरेदीपूर्वी मॉडेल क्रमांक तपासून घेणं ही ग्राहकाची जबाबदारी असते.”

“तो खाली का छापलाय?”

“सर्व मॉडेलला तिथेच असतो, मॅम.”

“आणि दोघांचं झाकण एकच का?”

“ते डिझाइन आहे, मॅम.”

“कोणी केलं?”

“ती माहिती आमच्याकडे उपलब्ध नाही. आणखी काही मदत करू शकते का?”

त्या मुलीवर मी ओरडले. ती माझ्या मुलीपेक्षा फार मोठी नसेल. त्याचं मला वाईट वाटतं. बाकी कशाचंही नाही.

घरी वडिलांना सगळं सांगितलं. ते ऐंशीच्या पुढचे, लॅपटॉप त्यांनी कधी हातात धरलेला नव्हता. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि मी केलं होतं तेच केलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि त्यांच्या गावच्या बोलीत विचारलं,

“शिक्को खंय आसा गो ह्येचो?”

मी उलटा करून दाखवला. तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्यांनी चष्मा वर-खाली केला.

“खाली? खाली कोण बघतलो?” मग माझ्या मुलीला म्हणाले, “आमच्या खात्यात सेकंडचो शिक्को घडयेच्या आत गेलो तर सायब अख्खो तागो तोंडार फेकी. परत घडी घाल म्हणा. गिऱ्हाइकाक दिसाक व्हयो.”

गिरणीमालकांनी या माणसाचं काय केलं ते मला माहीत आहे. त्यांचं कौतुक मी मेले तरी करणार नाही. पण त्याच मालकांच्या छपराखाली खोट असलेल्या मालावर खोट आहे असं काठावर लिहिलं जायचं, आणि आंधळ्यालाही बोटांनी पोत कळायचा. हे लोक मालात खोट नाही म्हणतात, आणि ते खरंही आहे. तो स्वस्तातला लॅपटॉप पत्रं लिहायला उत्तम आहे, माझी ऑर्डरची वही आता त्याच्यावरच आहे. फसवणूक मालात नाही, त्याच्या तोंडात आहे. महागातल्याचं तोंड स्वस्तातल्याला चढवलेलं आहे, म्हणजे टेबलावर एक दाखवता येतो आणि खोक्यात दुसरा देता येतो.

जूनमध्ये आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो. या वेळी वॉशिंग मशीनपाशी मी उभी राहिले. मुलगी टेबलाशी गेली, नंबर सांगितला, पैसे द्यायच्या आधी खोकं फोडायला लावलं, लॅपटॉप उलटा करून बारीक अक्षरं वाचली, चालू करून आतलं सगळं तपासलं. मग विक्रेत्यानं सांगितला तो भाव कबूल करून टाकला. एका रुपयानंही कमी न करता. मी वॉशिंग मशीनचं झाकण उघडून आत बघत राहिले. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, “चूक माझी होती. वस्तू तुला हवी होती, बोलायला तूच पाहिजे होतीस.” ती म्हणाली, “हो.” एवढंच. तिनं माझी चूक झाकली नाही आणि मला ते बरं वाटलं.

आता ती त्याच वर्गात, तिच्या मागून आलेल्या मुलांबरोबर पुन्हा बसते. चाळ पहिल्या मजल्यापासून पुन्हा उभी करते आहे.

म्हणजे माझ्या वाटणीचं उत्तर देऊन झालं, जिला द्यायचं तिला. विक्रेत्याचंही झालं, त्याची चार माणसांत अब्रू गेली. राहिली कंपनी. मी तिला तीन पत्रं पाठवली, तिन्हींना तेच छापील उत्तर आलं, तुमचं समाधान आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. मला समाधान नको आहे. मला एक माणूस हवा आहे. कुठल्यातरी खोलीत, कुठल्यातरी टेबलाभोवती बसून कोणीतरी ठरवलं, की या दोघांचं झाकण एक ठेवायचं, नाव एक ठेवायचं, आणि फरक तळाशी, जिथे कोणी बघणार नाही तिथे लिहायचा. ते आपोआप झालेलं नाही. तुमच्याच फोनवरच्या मुलीनं सांगितलंय, ते डिझाइन आहे. माझी मुलगीही डिझाइनच शिकते. तिला चार परीक्षकांसमोर उभं राहून प्रत्येक भिंत तिथे का, याचं उत्तर द्यावं लागतं, आणि देता आलं नाही तर वर्ष जातं.

तुमच्यातल्या त्या माणसानं लालबागला माझ्या दुकानात यावं. बसायला स्टूल आहे. दोन्ही लॅपटॉप मी अस्तर कापायच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवीन, झाकणं बंद करून. समोर माझी मुलगी बसेल. त्यानं तिला सांगावं, हे असं का केलं.